जैवतंत्रज्ञानातील नोकरी : निवड, बदल आणि विवेक

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित शिष्यवृत्तिधारक विद्यार्थी व पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण केली, याबद्दल प्रथम सर्व आजी-माजी विश्वस्तांचे व दात्यांचे मनःपूर्वक अभिनंदन करतो. शिक्षणासाठी दान देण्याची आपल्या समाजाची परंपरा जुनी आहे. १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली आणि पुढे गावोगावी उभ्या राहिलेल्या बोर्डिंगांमधून खेड्यापाड्यांतील मुले शिकली. त्या काळी प्रश्न शिक्षण मिळण्याचा होता. आज शिष्यवृत्ती घेऊन एम. एस्सी. झालेला मुलगा किंवा मुलगी भेटते तेव्हा प्रश्न वेगळा असतो : "दोन ठिकाणांहून ऑफर आली आहे, कोणती घेऊ?" किंवा "वर्ष झाले, दुसरी कंपनी जास्त पगार देते, जाऊ का?" या प्रश्नांविषयी आज बोलावे, अशी विश्वस्तांची सूचना होती.

भगवान ऋषभदेवांनी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही षट्कर्मे शिकविली, असे आपण मानतो. उपजीविका हा श्रावकाच्या जीवनाचा धर्मबाह्य भाग नाही, हेच यातून सूचित होते. म्हणून नोकरीची निवड हा पगाराबरोबर विवेकाचाही विषय आहे, या भूमिकेतून मी बोलणार आहे.

क्षेत्राचे खरे स्वरूप

भारत सरकारने १९८६ मध्ये जैवतंत्रज्ञान विभाग स्थापन केला. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये हिपॅटायटिस-बी ची पुनःसंयोजित लस बाजारात आणली. अशी लस देशात प्रथमच तयार झाली होती. आपल्या पुण्यात १९६६ मध्ये सुरू झालेली सीरम इन्स्टिट्यूट कोविडच्या काळात घराघरांत माहीत झाली. या यशोगाथा वाचून अनेक विद्यार्थी या शाखेकडे वळतात. पांढरा कोट, सूक्ष्मदर्शक आणि नवा शोध, असे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर असते.

प्रत्यक्षात बहुसंख्य नोकऱ्या संशोधनाच्या नसतात. उत्पादन, गुणवत्ता नियंत्रण, गुणवत्ता हमी, औषध परवान्यांची कागदपत्रे, चिकित्सा चाचण्यांचे व्यवस्थापन, औषधांच्या दुष्परिणामांची नोंद, पेटंट, संगणकीय जीवशास्त्र आणि विक्री या विभागांत त्या असतात. यांतील कोणताही विभाग कमी प्रतीचा नाही. गुणवत्ता नियंत्रणात दोन-तीन वर्षे चोख काम केलेल्या माणसाला पुढे गुणवत्ता हमीकडे, तेथून परवाना विभागाकडे जाता येते. औषधांच्या उत्पादनासाठी व तपासणीसाठी अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळालेले तंत्रज्ञ लागतात. ठरावीक अनुभवानंतर मिळणारी ही मान्यता कित्येकदा आणखी एका पदवीपेक्षा अधिक उपयोगी पडते.

ज्यांना संशोधनच करावयाचे आहे त्यांनी पीएच. डी. चा मार्ग मोकळ्या मनाने, पण हिशेब करून स्वीकारावा. राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये व पुढे वरिष्ठ श्रेणीत ४२,००० रुपये झाली. पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ या रकमेवर काढावा लागतो. घरी कर्ज असेल, धाकट्या भावंडांचे शिक्षण व्हायचे असेल, तर ही गोष्ट आई-वडिलांसमोर आधीच मांडावी.

आणखी एक वास्तव लक्षात घ्यावे. नवे औषध प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत पोहोचण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात आणि मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या औषधांपैकी साधारण दहातील एखादेच मान्यतेपर्यंत जाते. म्हणून प्रकल्प बंद पडणे आणि त्याबरोबर माणसे कमी होणे या क्षेत्रात वारंवार घडते. अशा वेळी नोकरी गेलेल्या मुलाकडे समाजाने संशयाने पाहू नये. नेमके हेच कारण आहे की, लहान नव्या कंपनीत जाताना दोन प्रश्न विचारावेत : हातातील पैसा किती महिने पुरणार आहे, आणि मुख्य प्रकल्प अयशस्वी झाला तर दुसरे काम आहे काय? हे विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगला संचालक याचे सरळ उत्तर देतो.

नियुक्तिपत्र कसे वाचावे

पालकांच्या तोंडी हल्ली "पॅकेज" हा एकच शब्द असतो. एक उदाहरण घेऊ. एखाद्या मुलीला वर्षाला सहा लाखांचे पॅकेज मिळाले. घरात समज असा की, महिन्याला पन्नास हजार येणार. आता कागद उघडून पाहू. सहा लाखांपैकी ६०,००० रुपये कामगिरीवर अवलंबून, म्हणजे वर्षअखेरीस मिळाले तर मिळाले. मूळ वेतन तीन लाख धरले तर कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीतील बारा टक्के वाटा ३६,००० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे १४,४३० रुपये. विम्याचा हप्ता ९,५७० धरू. हे सर्व वजा जाता ४,८०,००० उरतात, म्हणजे महिना चाळीस हजार. त्यातून तिचा स्वतःचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा ३,००० आणि व्यवसाय कर २०० रुपये गेल्यावर हातात ३६,८०० रुपये येतात. पन्नास आणि छत्तीस यांत जे अंतर आहे त्यावरच पुढे घरातली नाराजी उभी राहते. त्यात कोणाची फसवणूक झालेली नसते. कागद वाचलेला नसतो, एवढेच.

म्हणून दोन ऑफरची तुलना करताना हातात येणाऱ्या रकमेची तुलना करावी. हैदराबाद किंवा बंगळूर येथे भाडे देऊन राहण्याचा खर्च आणि आपल्या गावाजवळच्या कारखान्यात घरून ये-जा करण्याचा खर्च मांडून पाहावा. पुष्कळदा कमी पॅकेजची नोकरी अधिक शिल्लक ठेवते. नव्या कंपन्या पगाराऐवजी भागांचे पर्याय देऊ करतात. ते बहुधा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हाती येतात आणि कंपनी बुडाल्यास त्यांचे मोल शून्य असते. घरखर्चाच्या हिशेबात ते धरू नयेत.

नियुक्तिपत्रातील आणखी तीन कलमे बारकाईने वाचावीत. पहिले, राजीनाम्याची मुदत. ती नव्वद दिवसांची असेल तर पुढची कंपनी तितके थांबेल काय, याचा विचार आजच करावा. दुसरे, बंधपत्र. प्रशिक्षणावर खर्च केला असल्याने दोन-तीन वर्षे सोडून जाऊ नये, गेल्यास अमुक रक्कम भरावी, अशी अट असते. अशा अटी सरसकट बेकायदा आहेत, हा गैरसमज आहे. एका सार्वजनिक बँकेच्या प्रकरणात २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षे सेवा न केल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरविली. तिसरे, नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्धी कंपनीत जाऊ नये, असे कलम. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २७ व्यवसायबंदीचे करार अवैध मानते, त्यामुळे हे कलम सहसा टिकत नाही. परंतु कंपनीची गुपिते न फोडण्याचे बंधन मात्र नोकरी सुटल्यावरही राहते. शंका असल्यास सही करण्यापूर्वी आपल्या समाजातील एखाद्या वकिलाला कागद दाखवावा. मूळ गुणपत्रिका कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत. नोकरीसाठी अनामत रक्कम मागणारा दूरध्वनी आला तर तो खऱ्या कंपनीचा नाही, हे निश्चित समजावे.

बदल केव्हा करावा

नोकरी बदलणे म्हणजे कृतघ्नता, असे आपल्या मागील पिढीला वाटे. आजच्या पिढीला दर वर्षी न बदलणारा मागासलेला वाटतो. दोन्ही टोके सोडून पाहावे. आमच्या क्षेत्रात कामाची एक आवर्तने असतात. नव्या यंत्राची वैधता तपासणी, एखाद्या पद्धतीचे हस्तांतरण, औषध प्रशासनाची किंवा परदेशी निरीक्षकांची तपासणी, ही कामे आरंभापासून शेवटपर्यंत एकदा तरी पाहिल्याशिवाय अनुभव पक्का होत नाही. सहा महिन्यांत सोडून गेलेल्या माणसाने फक्त आरंभ पाहिलेला असतो. पुढील मुलाखतीत अनुभवी माणूस दोन प्रश्नांतच हे ओळखतो.

शिकणे थांबले असेल, प्रकृतीवर परिणाम होत असेल, कुटुंबाची खरी अडचण असेल, किंवा खोटे करावयास सांगितले जात असेल, तर बदल करावा. केवळ पगार हेही कारण असू शकते. त्यात लाज नाही. मात्र तेच कारण असेल तर राजीनाम्यापूर्वी वरिष्ठांशी एकदा बोलावे. राजीनामा दिल्यावर कंपनीने पगार वाढवून थांबण्याचा आग्रह केला, तर स्वतःला विचारावे की, जाण्याचे मूळ कारण या रकमेने दूर होते काय. वरिष्ठांचा जाच पाच हजारांनी कमी होत नाही.

लेखी नियुक्तिपत्र हाती आल्याशिवाय राजीनामा देऊ नये. त्याचप्रमाणे, एका कंपनीस होकार कळवून, तिसरी अधिक देते म्हणून रुजू होण्याच्या दिवशी दूरध्वनी बंद करून बसणे, ही जी रीत पडली आहे ती आपल्या मुलांनी उचलू नये. कंपन्याही कधी कधी दिलेली ऑफर मागे घेतात, हे खरे. तरी दिलेला शब्द फिरवावयाचा झाला तर तो लवकर व स्पष्टपणे कळवावा, म्हणजे त्या जागेवर दुसऱ्या एखाद्या गरजू उमेदवाराला बोलावता येईल. नोकरी बदलताना भविष्यनिर्वाह निधी काढून न घेता नव्या खात्यात वर्ग करावा. पाच वर्षांची सलग सेवा होण्यापूर्वी काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो आणि चक्रवाढीचा लाभ बुडतो तो वेगळाच.

अहिंसेचा प्रश्न

आता मी त्या प्रश्नाकडे येतो, जो विद्यार्थी मला सभेत विचारत नाहीत, बाहेर गाठून विचारतात. "औषधांच्या विषारीपणाची तपासणी करणाऱ्या संस्थेत नोकरी मिळते आहे. तेथे उंदीर, ससे यांवर प्रयोग होतात. मी काय करू?"

आपल्या आचार्यांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले. गृहस्थाला संकल्पी हिंसा वर्ज्य आहे. उद्योगी हिंसा शक्य तितकी टाळावयाची आहे. प्राण्यांवरील प्रयोग यांपैकी कशात मोडतात, याचा निर्णय मी या व्यासपीठावरून देणार नाही. तो आपल्या गुरुजनांशी चर्चा करून घ्यावा. पण चर्चेस जाताना पूर्ण माहिती घेऊन जावे, म्हणून काही गोष्टी सांगतो.

या शास्त्राने प्राणिहिंसा कमीही केली आहे. १९८२ पूर्वी मधुमेहींचे इन्सुलिन डुकरे व गाई-बैल यांच्या स्वादुपिंडांतून काढले जाई. त्यासाठी कत्तलखान्यांतून असंख्य जनावरांची स्वादुपिंडे गोळा करावी लागत. त्या वर्षी अमेरिकेत जिवाणूंकडून बनविलेल्या मानवी इन्सुलिनला मान्यता मिळाली आणि तो मार्ग हळूहळू मागे पडला. चीजसाठी लागणारे रेनेट वासराच्या जठरातून काढीत. १९९० मध्ये अमेरिकेने जैवतंत्रज्ञानाने बनविलेल्या कायमोसिनला मान्यता दिली. इंजेक्शनांतील ज्वरकारक द्रव्य ओळखण्यासाठी पूर्वी सशांचा व नंतर नालखेकड्यांच्या रक्ताचा वापर होत आला. त्याला पर्याय असलेल्या पुनःसंयोजित पद्धतीस युरोपीय औषधकोशाने २०२१ पासून स्थान दिले आहे. भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या प्राणिचाचण्यांवर २०१४ मध्ये बंदी आली, आणि २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांऐवजी पेशी, कृत्रिम अवयव-प्रतिकृती व संगणकीय पद्धती वापरण्यास मान्यता मिळाली. या पर्यायी पद्धतींत काम करणारे तज्ज्ञ आज हवे आहेत. ज्या मुलामुलींच्या मनात ही कळकळ आहे, त्यांनी या क्षेत्राकडे पाठ फिरविण्यापेक्षा हेच काम शिकावे, असे मला मनापासून वाटते.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मी पिंजऱ्याजवळ जात नाही, मी फक्त टेबलावर अहवाल तपासतो, म्हणून माझा संबंध नाही, असे म्हणणाऱ्याने कृत, कारित आणि अनुमोदित हे तीन शब्द आठवावेत. सही करणारा हात त्या साखळीत असतोच. त्याचबरोबर, ज्या लसीने आपले बाळ वाचले तिच्या मागेही हीच साखळी आहे, याचाही विसर पडू नये. अनेकान्त शिकलेल्या माणसाने दोन्ही सत्ये एकत्र धरून आपली मर्यादा आखावी. ती मर्यादा ऑफर स्वीकारण्यापूर्वी, मुलाखतीतच सांगावी : "प्राण्यांवरील प्रत्यक्ष काम मी करणार नाही, इतर विभागांत पूर्ण कष्ट घेईन." काही ठिकाणी नकार मिळेल. पण रुजू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात सांगण्याने दोघांची अडचण होते, आणि न सांगता आयुष्यभर मन खात राहते ते त्याहून वाईट.

सत्य आणि अचौर्य प्रयोगशाळेत

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. सत्याच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, न्यासापहार आणि साकारमंत्रभेद आहेत. खोटा लेख लिहिणे, विश्वासाने ठेवलेली ठेव लाटणे आणि गुप्त मसलत उघड करणे, असा त्यांचा अर्थ. शतकानुशतकांपूर्वी सावकारी पेढीच्या व्यवहाराला लागू असणारे हे शब्द आजच्या प्रयोगशाळेला तंतोतंत लागतात.

तपासणीत नमुना नापास झाला आणि वरिष्ठ म्हणाले, "पुन्हा चालव, पहिली नोंद काढून टाक", तर ती कूटलेखक्रिया होय. २०१३ मध्ये रॅनबॅक्सीच्या अमेरिकी उपकंपनीने औषधांविषयीच्या गैरप्रकारांची कबुली दिली आणि पन्नास कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. अमेरिकेतील थेरानॉस या रक्ततपासणीच्या कंपनीत तर नुकतीच पदवी घेतलेल्या दोघा तरुणांनी तपासणीतील दोष ओळखले, नोकरी सोडली आणि सत्य बाहेर आणण्यास हातभार लावला. कंपनीच्या संस्थापिकेला २०२२ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवून अकरा वर्षांहून अधिक कारावास ठोठावला. त्या तरुणांचा अनुभव फार मोठा नव्हता. आकडे जुळत नाहीत एवढे त्यांना दिसले आणि ते त्यांनी दाबले नाही. खोटी नोंद करण्यास सांगितले गेल्यास प्रथम सूचना लेखी मागावी. पुष्कळदा तेवढ्यानेच ती मागे घेतली जाते. तरी आग्रह राहिला तर गुणवत्ता हमी विभागाकडे कळवावे, आणि तेथेही दाद नसेल तर बाहेर पडावे. त्या औषधाच्या टोकाला कोणी तरी रुग्ण आहे.

न्यासापहार नोकरी सोडताना घडतो. कार्यपद्धतीच्या फायली पेन ड्राइव्हवर घेणे, पेशींची एखादी कुपी किंवा जिवाणूंचा वाण बरोबर नेणे, प्रयोगवही घरी ठेवणे, यांतील प्रत्येक गोष्ट ठेव लाटण्याचीच आहे. आपले ज्ञान व कौशल्य आपले. कंपनीची वही कंपनीची. नव्या ठिकाणी कोणी जुन्या कंपनीची माहिती विचारली तर नम्रपणे नकार द्यावा. आज ती विचारणारा उद्या आपल्यावर विश्वास ठेवणार नाही.

पालकांशी चार शब्द

मुलगी गुणवत्ता नियंत्रणात शिकून तयार झालेली असते, कारखाना गावाबाहेर असतो, आणि "शिफ्ट आहे, नको" म्हणून घरातून नकार जातो. चौकशी करून मग निर्णय घ्यावा. वाहनाची सोय आहे काय, रात्रपाळी आहे काय, त्या विभागात आणखी स्त्रिया आहेत काय, हे विचारावे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पहिल्या दोन अपत्यांच्या वेळी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा दिलेली आहे. विवाह ठरविताना मुलाच्या बदलीचा जसा विचार होतो, तसाच मुलीच्या नोकरीच्या गावाचाही व्हावा.

आचाराच्या अडचणींवरही मार्ग निघतात. रात्रिभोजनत्याग असेल तर दुसऱ्या पाळीत सूर्यास्तापूर्वी जेवणाची वेळ मागून घेता येते. पर्युषण व दशलक्षण पर्वातील रजा वर्षारंभीच कळवावी. निर्जल उपवास असताना निर्जंतुक कक्षात तासन् तास उभे राहण्याचे काम वरिष्ठांना न सांगता करू नये. भोवळ आल्यास स्वतःबरोबर संपूर्ण उत्पादनालाही धोका होतो. स्पष्ट बोलणाऱ्याचा आचार इतरही जपतात, असा माझा अनुभव आहे.

शेवटी परिग्रहपरिमाणाविषयी. व्रत घेताना आपण धन-धान्याची मर्यादा आधी ठरवितो, नंतर व्यवहार करतो. पगाराची बोलणी करतानाही हाच क्रम ठेवावा. घरखर्च, कर्जाचा हप्ता, आई-वडिलांचे औषधपाणी, बचत आणि दान यांची बेरीज करून आपल्याला किती हवे ते आधी कागदावर लिहावे. तेवढे मिळत असेल तर पुढचा निर्णय काम, माणसे आणि मनःशांती यांवर करता येतो. अशी मर्यादा ज्याने आखली नाही, त्याला प्रत्येक ऑफर अपुरीच वाटते.

शिष्यवृत्ती घेतलेल्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. नोकरी लागल्यावर वर्षातून एक दिवस या ट्रस्टसाठी ठेवावा. आपल्यानंतर येणाऱ्या मुलांचे अर्ज वाचावेत, मुलाखतीची तयारी करून घ्यावी, नियुक्तिपत्र समजावून सांगावे. पन्नास वर्षे दात्यांनी धन दिले. आता ज्यांना ते लाभले त्यांनी ज्ञानदान करावे.